पिवळ्या पोटाचं फूल

माझी धाकटी जाऊ बोलत नाही आणि मी थांबत नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. तिच्या वाटचं बोलणंसुद्धा मीच बोलून टाकते, असं लोक म्हणतात. म्हणोत. आम्ही दोघी एकाच अंगणात राहतो, चुली दोन आहेत पण चहा एकाच पातेल्यात होतो. इतकी वर्षं तिला जवळून पाहूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्याचा जसा स्वभाव, तसं त्याच्या ध्यानात राहतं. हे कळलं ते गेल्या हिवाळ्यात, मिरचीच्या एका फुलापायी, आणि कळेपर्यंत माझ्या जिवाचं पाणी झालं.

आधी खेळाचं सांगते. सुनेच्या मोबाइलात पत्त्यांचा एक खेळ आहे. सगळे पत्ते पालथे मांडलेले असतात. दोन उलटायचे, सारखी चित्रं निघाली तर जोडी तुमची, नाहीतर ते परत पालथे होतात. कुठं काय होतं ते ध्यानात ठेवायचं, एवढंच. दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघी जावा ओट्यावर हा खेळ खेळायचो आणि मी दर वेळी हरायची. मोर आत्ताच पाहिलेला असायचा, पण बोट पुढं गेलं की मोर गायब आणि तिथं छत्री.

सून हसायची. "आत्याबाई, तुमचं ध्यान पत्त्यावर नसतेच. आपुन हरतो का काय, याच्यावरच असते."

"मंग? जिंकायचं नाई तं खेळायचं कशाले वं?"

जाऊ काही बोलायची नाही. तिचा हात सावकाश जायचा, दोन मोर उलटायचा आणि परत मांडीवर येऊन बसायचा.

लग्नाहून आल्यावरही तसंच. कोण कुणाला काय म्हणालं, नवरीची मामी कशी फणकारली, वरबाप जेवायला काऊन बसेना, हे सगळं मी आवाजासकट सांगते. आणि कुणी कोणतं लुगडं नेसलं होतं विचारा, मी कोरी. जाऊ मात्र सांगेल की मामीच्या लुगड्याचा काठ मोरपंखी होता आणि निऱ्यांजवळ तुपाचा डाग होता. मला वाटायचं, हिच्या डोक्यात दुसरं काही नसतं म्हणून हिला लुगडी आठवतात. माझ्या डोक्यात एक काम चालू असताना पुढच्या तीन कामांचा घोर असतो. डोळ्यांपुढून सगळं जातं, पण बसायला जागाच नसते.

आता जाळीचं. आमच्या साखरखेर्ड्याच्या बाजूला शेतात हिरव्या-पांढऱ्या जाळीची घरं दिसतात. आत भाजीचं बियाणं तयार होतं, कंपनीसाठी. मिरचीची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं उघडायची, तिच्या पोटातले नर, पुंकेसर म्हणतात ते, काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं पोलन, म्हणजे पराग, लावायचं आणि देठाला लोकरीचा दोरा बांधायचा. याला क्रॉसिंग म्हणतात. दोऱ्याचं फळ तेवढं कामाचं. ज्या कळीला आपला हात लागला नाही आणि जी आपली आपण उमलली, ते फूल दिसलं की लगेच तोडायचं. ही सवय माझ्या हाताला इतकी लागली होती की देवळाबाहेरची जास्वंद पाहूनही बोटं वळवळायची.

ती जाळी माझ्या सुनेची होती, म्हणजे तिच्या हिमतीची. माझा मुलगा खामगावला तेलाच्या गिरणीत कामाला आहे. तिथं त्यानं खोली केली आणि बायकोला म्हणाला, चल. ती म्हणाली, "मले एक हंगाम जाळी करून पाहू द्या. बी नापास झालं तं मी माह्यावालं सामान बांधून येते, मंग मांगं वळून पाहाणार नाई." तोही हट्टाचा. म्हणाला, ठीक, एक हंगाम. त्या एका हंगामावर सगळं येऊन ठेपलं होतं. कंपनी तयार बियाण्याचा नमुना नेते, पेरून पाहते, आणि झाडं वेगळी निघाली तर आख्खा ढीग नापास. शेजारच्या जाळीचं आदल्या वर्षी तसं झालं होतं. त्या घरच्या लेकीसुना तेव्हापासून आमच्याकडं पाहून हसायच्या बंद झाल्या.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली. क्रॉसिंग संपून बरेच दिवस झाले होते, दोऱ्याची फळं लालबुंद झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीच्या बाया सांगितल्या होत्या. त्याआधी झाडांवरची उरलीसुरली फुलं आणि बारीक कळ्या खुडून टाकायच्या, म्हणून आम्ही तिघी सकाळपासून जाळीत होतो. माझ्या शेजारच्या ओळीत जाऊ, सून पार पलीकडच्या टोकाला.

मधेच मुलाचा फोन आला. नेहमीचंच. आई, तिले समजाव, अठी खामगावले मी हाताने थापतो भाकरी. फोन ठेवला आणि माझं तोंड सुरू झालं. जाऊ ऐकत होती, माझे हात फुलं तोडत होते, ओटीत टाकत होते, मी बोलत होते.

दुपार कलल्यावर मी बाहेरच्या खड्ड्यात ओटी झटकायला गेले. चुरगळलेल्या पांढऱ्या फुलांत एक फूल उताणं पडलं. आमच्या जाळीतल्या सगळ्या फुलांच्या पोटातले नर जांभळट असतात, शाईचा हात लागल्यासारखे. या फुलाचं पोट पिवळं होतं. हळदीचं बोट लावल्यासारखं पिवळं.

दुसऱ्या जातीचं झाड! पोलनसाठी लावलेली पिवळ्या पोटाच्या फुलांची झाडं तर आम्ही क्रॉसिंग झाल्याबरोबर उपटून टाकली होती. म्हणजे रोपं लावतानाच एखादं आमच्या ओळींत मिसळलं होतं, हजारो कळ्यांच्या घाईत कुणाच्या ध्यानात न येता त्यालाही दोरे बांधले गेले होते आणि उद्या त्याची फळं सगळ्यांत मिसळणार होती. जाळी लहान, मिरचीच्या एका झाडाचं बी म्हणजे काही थोडं नव्हे. एका झाडानं ढीग नापास होतो का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण त्या वेळी मला सुनेची बांधलेली पेटीच दिसायला लागली.

मी हाका मारल्या. सून धावत आली, फूल हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कोणत्या झाडाचं हाय हे?"

"अवं, म्याच तोडलं."

"तोडलं ते दिसून राह्यलं, आत्याबाई. कुठी तोडलं?"

मी ओळींकडं वळून पाहिलं.

पुढं माझी जी त्रेधा उडाली! मी म्हणाले, दाराजवळच्या ओळीत. सून तिकडं धावली. मग मला वाटलं, नाही, पाण्याच्या पाइपाजवळ, कारण पाय ओला झाला होता. ती पाइपाकडं. मग म्हटलं, नाही गं, तिथं कोळ्याचं जाळं तोंडावर आलं होतं, ते मागच्या कोपऱ्यात. कोळ्याचं जाळं खरं होतं, ओला पाय खरा होता, पण फूल त्यांतल्या कशाजवळ होतं ते काही केल्या लागेना. आणि पाहायचं तरी काय? पान सारखं, फळ सारखं, दोरा सारखा. फरक फुलाच्या पोटात, आणि आम्ही तिघींनी सकाळपासून एकही फूल ठेवलं नव्हतं. नवी कळी यायची वाट पाहावी तर लाल फळं झाडावरच सडायची आणि तोडणीच्या बाया परवापासून दुसऱ्याच्या जाळीत जायच्या.

"बाप्पा, आत्याबाई, थोड्या गप बसा न. हात जोडते तुमाले," सून शेवटी म्हणाली. रागानं नाही, रडवेली होऊन म्हणाली. तेच जास्त लागलं.

मी उलट्या क्रेटवर बसले आणि डोळे मिटले. मिटल्याबरोबर काय दिसावं? हिरवं. नुसतं हिरवं, एकसारखं, आणि त्यातून फिरणारी माझीच बोटं. आठव, आठव म्हणून मी स्वतःला जितकं टोचायची तितकं ते पुसट व्हायचं. पाच मिनिटं बसले असेन नसेन, उठले, परत ओळींतून फिरले. प्रत्येक झाड मला म्हणत होतं मीच ते, आणि दुसरं म्हणत होतं छट्, मी. एका झाडाला मी हातही घातला होता उपटायला. सुनेनं मनगट धरलं.

"हेच कशावरून?"

"वाटते वं मले."

"मघाशी तिकडचं वाटत होतं न तुमाले?"

जाळीत अंधार लवकर पडतो. आम्ही घरी आलो. सून पीठ मळायला बसली. मी अंगणात आत-बाहेर, आत-बाहेर. देवापुढं दिवा लावला आणि काडी विझवायची विसरले, बोट पोळलं. जाऊ ओट्यावर लसूण सोलत होती. तिचं ते शांत बसणं पाहून माझं डोकं उठलं.

"तुले काहीच कसं वाटत नाई वं? पोरीचं घर उठून राह्यलं अठी!"

ती म्हणाली, "वाटते न बाई."

मग मी तिच्याजवळ बसले आणि जे मला येतं तेच करायला लागले. बोलायला. सकाळपासूनचं सगळं परत. म्हटलं, "फोन ठेवला तं मी तुले म्हटलं, हे पोरगं लहानपणापासून असंच, भाकर करपली तरी आईले फोन करन. तू म्हणली, हं. मंग मी म्हटलं, त्याच्या बापाले तं चहा करता येत नव्हता..."

"तवा तुमी पाइपाच्या सांध्यापाशी होत्या," जाऊ म्हणाली. "पाय ओला झाला होता तुमचा. तुमी लुगडं वर खोचलं."

मी तिच्या मांडीवरचा लसूण बाजूला सारला.

"आणि मंग?" मी विचारलं.

"मंग काय, ते तुमी सांगा. बोलणं मले नाई आठवत. तुमी कुठी उभ्या होत्या, ते दिसते."

"अवं, मंग मघा जाळीत काऊन नाई सांगितलं?"

"कोणत्या वक्ताचं सांगू? तुमी आख्ख्या जाळीत फिरल्या. फूल कवा तोडलं, ते मले काय माहीत?"

स्वयंपाकघरातून सून पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती. ती जाऊकडं पाहत होती, मग माझ्याकडं.

रात्र कशी काढली ते नको विचारायला. तांबडं फुटलं आणि आम्ही तिघी जाळीत. बाया यायला अजून वेळ होता. मी माझ्या ओळीच्या तोंडाशी उभी, जाऊ तिच्या ओळीत, सून माझ्या पाठीशी. जाऊ म्हणाली, "बोला. जसं बोलल्या तसं. म्या सांगीन तसं पुढं सरका."

मी सुरू केलं. पोरगं, भाकर, चहा. जाऊ बोटानं दाखवत होती, इथं, आता दोन पावलं, आता इथं वाकल्या होत्या. पाइपाचा सांधा आला. पुढं गेलो आणि माझी जीभ अडखळली. कारण त्यापुढं मी जे बोलले होते ते सुनेबद्दल होतं आणि सून पाठीशी उभी होती.

मी म्हटलं, "मंग मी अशीच काहीबाही बोलले, आणि त्याच्यानंतर..."

"बाई, मधलं गाळू नका," जाऊ म्हणाली. "जागा चुकते."

"अवं, ते काही कामाचं नाई."

"आत्याबाई, बोला," सून म्हणाली. "म्या काही नवीन नाई ऐकणार."

आता काय करता? मी झाडांकडं पाहत बोलले. म्हटलं, "मी म्हटलं, सून लई हट्टी हाय. नवऱ्यापरीस मिरची प्यारी हाय तिले. पोरगं तिकडं कच्च्या भाकरी खाते आणि ही अठी दोरे बांधत बसते."

जाऊनं बोट पुढं केलं. आम्ही सरकलो.

"मंग मी म्हटलं, माह्या पोराची चूक हाय तशी. त्यानं तिच्यावाली जाळी एकडाव येऊन पाह्यली का? नाई पाह्यली."

आणखी थोडं सरकलो. कोळ्याचं जाळं आमच्या आदल्या दिवसाच्या धावपळीत तुटून लोंबत होतं.

"मंग मी म्हटलं..." आणि तिथं माझा आवाज जसा आदल्या दिवशी बसला होता तसाच परत बसला. "मी म्हटलं, पण ती गेली न, तं म्या घरात कोणाशी बोलू? तू तं बोलतच नाईस."

हे म्हणताना हात थांबला होता. आदल्या दिवशी. हात थांबला, डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यातून मला काहीतरी पिवळं दिसलं होतं. दिसलं, सवयीनं बोटांनी तोडलं, आणि मी पदरानं डोळे पुसले. तीच वेळ. फूल त्या वाक्याला चिकटलेलं होतं आणि मी ते सबंध जाळीभर शोधत होते.

"इथंच," मी म्हटलं. "हेच बोलताना."

जाऊ आपल्या ओळीतून वाकून पाहायला लागली. मग तिनं वर पाहिलं. वर जाळीला एक बारीक फाटकी जागा होती. "पदर डोळ्याले लावला तवा तुमच्या खांद्यावर उन्हाचा ठिपका होता. दुपारचं ऊन अठी पडते, या तीन झाडांपाशी. तिन्हीतलं कोणतं, ते नाई सांगता येत बाई. तुमची पाठ होती माह्याकडं."

तीन झाडं. तिन्ही लाल फळांनी लगडलेली, तिन्हीवर दोरेच दोरे. सून खाली बसली. एकेक फांदी उलटून पाहिली, कुठं एखादी चुकार कळी राहिली असेल तर उघडून पाहावी म्हणून. एकही नाही. आदल्या दिवशी आम्ही काम फारच चोख केलं होतं. बाहेर बायांचे आवाज यायला लागले होते, कुणीतरी कुणाला तिच्या नव्या स्वेटरवरून छेडत होतं.

मी म्हटलं, "मधलं असन. मले मधलं वाटते."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मग पहिलं झाड बुडाशी धरलं आणि उपटलं. मग मधलं. मग तिसरं. मुळांसकट, मातीसकट, फळांसकट. दोन चांगली झाडं जाऊ दिली, एक वाईट राहू नये म्हणून. इतकी वर्षं ज्या हट्टाला मी नावं ठेवली, तो त्या वेळी तिच्या हातात होता. तिनं तिन्ही झाडं कडेवर घेतली, बाहेर नेऊन खड्ड्यात टाकली, वर माती ओढली, हात झटकले आणि आलेल्या बायांना म्हणाली, "चाला वं, दाराकडून सुरू करा."

माझ्याजवळून जाताना थांबली. म्हणाली, "मिरची प्यारी हाय म्हणता?"

"अवं ते रागात..."

"खरंच हाय ते," ती म्हणाली आणि पुढं गेली. मी तिच्या पाठीकडं पाहत राहिले. हसली का नाही, ते मला कळलं नाही. जाऊला विचारायचं होतं, तिला दिसलं असेल, पण ती क्रेट उचलून गेली होती.

नंतरचे महिने माझे फार वाईट गेले. बी निघालं, वाळलं, नमुना गेला. सून शांत आणि मी रोज विचारायची, फोन आला का? कंपनीचा नंबर दिसला की मी चुलीपुढून उठून दारात यायची. कधी वाटायचं, चौथं झाड असेल तर? ठिपका हलतो की, ऊन काही खिळ्यानं ठोकलेलं नसतं. हे मी जाऊला सांगितलं तर ती म्हणाली, "हाव, हलते." बस, एवढंच. तिचं हे खरं बोलणं कधी कधी नको होतं.

उन्हाळ्यात एका सकाळी फोन आला. सून अंगणात उभी राहून बोलली, हो सर, हो सर म्हणत. ठेवला आणि म्हणाली, "पास."

तिनं लगेच नवऱ्याला लावला, आवाज मोठा करून, आम्हाला ऐकू यावं म्हणून. म्हणाली, "बी पास झालं. म्या येत नाई. पुढच्या हंगामाची रोपं सांगितली म्या. तुमी या सुट्टीले, जाळी पाहून जा."

तो म्हणाला, "येतो. भाकर करून ठेवजो."

"या तं खरं. दोघं मिळून थापू."

तो आला. जाळीत फिरला, वाकून फिरला, उंच आहे. आता महिन्यातून एकदा येतो. भांडतातही. पण तिची पेटी माळ्यावर आहे आणि पेटीवर रोपांचे रिकामे ट्रे रचलेले आहेत.

मी मात्र अजून सुटले नाही. पास झालं, सून राहिली, सगळं भलं झालं, तरी मधेच काम करता करता तेच मनात येतं. त्या तिन्हीतलं कोणतं होतं? का त्यांतलं नव्हतंच आणि आम्ही नुसते वाचलो? सुनेला विचारलं तर म्हणते, आत्याबाई, आता ते कळून काय करायचं हाय? जाऊला विचारलं तर म्हणते, "तिन्ही झाडं अजून डोळ्यापुढं हायत माह्या. पहिल्याचा शेंडा वाकडा होता, तिसऱ्याले एक दोरा सुटला होता. पण पोट नाई दिसत, बाई."

"मंग मधल्याचं काय होतं?" मी विचारते.

"मधलं साधंच होतं."

"साधं म्हणजे कसं वं?"

ती लसूण सोलत राहते. आणि मी सांगायला लागते, की मला तेव्हाच मधलं वाटलं होतं.